शाळेच्या सभेत मुलांचे म्हणणे



"आपली शाळा कोण चालवते, यावर लेख लिही," असे बाईंनी मला सांगितले. मी पटकन म्हटले, "हेडगुरुजी चालवतात." बाई हसल्या. म्हणाल्या, "तू स्वतः सभेत बसतेस, आणि असे म्हणतेस?" मग मी विचारून विचारून ही माहिती गोळा केली.

आपली शाळा जिल्हा परिषदेची आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १ मे १९६२ रोजी सुरू झाल्या. आपल्या खानदेशात जळगावला एक आहे, धुळ्याला एक आहे, आणि १९९८ साली नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यावर तिथेही झाली. जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षणाधिकारी असतात. तालुक्याला गटशिक्षणाधिकारी असतात. आपल्याकडे तपासणीला येतात ते केंद्रप्रमुख.

पण गावातल्या शाळेचा रोजचा कारभार बघायला शाळा व्यवस्थापन समिती असते. शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण मिळालेच पाहिजे, असे तो कायदा सांगतो. त्यातच या समितीचा नियम आहे. समितीत शंभरातले पंचाहत्तर सभासद आई-वडील किंवा पालक असले पाहिजेत. एकूण सभासदांत निम्म्या बायका पाहिजेत. मुख्याध्यापक तिचे सचिव असतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती तयार करते.

आता खरी गंमत ऐका. महाराष्ट्र शासनाने २०१० साली असे ठरविले की, या समितीत शाळेतले दोन विद्यार्थीसुद्धा घ्यायचे, आणि त्यांत निदान एक मुलगी पाहिजे. यंदा त्या दोघांपैकी एक मी आहे!

पहिल्या सभेत मी नुसती बसून राहिले. चहा आला, बिस्किट खाल्ले, घरी गेले. आईने विचारले, "काय बोललीस?" मी म्हटले, "काही नाही." आई म्हणाली, "मग बाकावर दप्तर ठेवले असते तरी चालले असते." मला फार वाईट वाटले.

दुसऱ्या सभेच्या आधी मी एक काम केले. आमच्या मुलींच्या संडासाच्या दाराला आतून कडी नव्हती. म्हणून आम्ही दोघी-दोघी जात होतो. एक आत, एक बाहेर दार धरून उभी. पण पुष्कळ मुली मधल्या सुट्टीत घरीच जात, आणि मग परत येतच नसत. मी वहीत रोज खूण करायला लागले. सहा दिवसांत नऊ वेळा मुली परत आल्या नाहीत. त्यांत माझी मैत्रीण तीन वेळा. तिचा भागाकार तेव्हापासून कच्चा राहिला आहे.

सभेत मोठी माणसे शाळेची पुढची भिंत रंगवायचे बोलत होती. रस्त्यावरून शाळा चांगली दिसेल, असे सगळ्यांना वाटत होते. मी हात वर केला. घशाला कोरड पडली होती. एक काका म्हणाले, "पोऱ्हेसले काय समजस?" तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बोल व माय, भ्याऊ नको."

मी वही उघडली आणि नुसते वाचून दाखवले. मुलींची नावे घेतली नाहीत, फक्त वार आणि आकडे. कोणी हसले नाही. थोड्या वेळाने तेच काका म्हणाले, "हे तर आपल्याला माहीतच नव्हते." कसे असणार? मोठी माणसे भिंत बाहेरून बघतात. दाराला कडी नाही हे आत जाणाऱ्यालाच कळते.

गुरुजींनी ते इतिवृत्ताच्या वहीत लिहिले. आधी कडी, मग रंग, असा ठराव झाला. चार दिवसांत कडी बसली. आता मैत्रीण दुपारून वर्गात असते. संडासात पाण्याचा नळ मात्र अजून आलेला नाही. पण तोही वहीत लिहिलेला आहे, म्हणून मी दर सभेत विचारते, "नळाचे काय झाले?"

यावरून मला एक गोष्ट समजली. नुसती कुरकुर केली तर ती वाऱ्यावर जाते. मोजून, लिहून सांगितले तर मोठ्यांना ऐकावे लागते. निर्णय मोठेच घेतात, पण आपण सांगितले नाही तर ते अर्ध्या माहितीवर घेतात.

मुलांचे ऐकावे, हे सगळ्या जगाने मान्य केले आहे. संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार केला. त्याच्या बाराव्या कलमात लिहिले आहे की, मुलांशी संबंधित गोष्टींत मुलांचे मत विचारात घ्यावे. भारताने १९९२ साली तो करार मान्य केला.

आणि आपल्या खानदेशात तर त्याच्याही किती आधी साने गुरुजी होऊन गेले! १९२४ ते १९३० या काळात ते अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून 'छात्रालय' नावाचे दैनिक काढीत. आपले हे भित्तिपत्रकही हातानेच लिहिलेले आहे. म्हणून सभेत बोलायची लाज वाटत असेल, तर इथे लिहा. येणारे-जाणारे सगळे वाचतात.

आई-बाबांना एक विनंती. कापूस वेचणीचे दिवस असले तरी सभेला एक जण तरी या. समितीत सगळ्यांत जास्त जागा तुमच्याच आहेत. त्या रिकाम्या राहिल्या तर आम्ही वही कोणाला वाचून दाखवायची?

स्वाध्याय
१. समितीत किती विद्यार्थी असतात?
२. आपल्या शाळेतली एक अडचण सहा दिवस मोजा आणि वहीत लिहा.
३. घरी विचारा : शाळेच्या मागच्या सभेला कोण गेले होते?

– इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी