कंपवात आणि विश्वासणाऱ्याचा स्वभाव

शास्त्रपाठ : मत्तय ४:२३-२४, मार्क ९:१४-२९, १ राजे १९:१-८.



चिखलीहून खामगांवाकडे जातांना अमडापूर लागतें. त्या बाजूच्या एका लहान मंडळींतील एक वडील मला आठवतात. भजनांत त्यांचा आवाज सर्वांच्या वर ऐकूं येई. पुढें ते गप्प बसूं लागले. चेहऱ्यावर हसूं दिसेना. घरीं कोणी आलें तरी ‘या, बसा’ म्हणेनात. शेवटीं प्रभुभोजनासही येईनासे झाले. हे विश्वासांत थंड पडले, असें समजून मी त्यांस कठोर शब्द बोललों. तेव्हां त्यांच्या पत्नीनें मला ओसरीवर बोलावून हळूच सांगितलें, “पाळकसाहेब, त्यांचा हात कांपतो. भर मंडळींत प्याला सांडेल, या लाजेनें ते येत नाहींत.” पुढें डॉक्टरांनीं रोगाचें नांव सांगितलें : कंपवात. दोष त्यांच्या विश्वासाचा नव्हता. घाईनें न्याय करणाऱ्या पाळकाचा होता.

रोग कसा होतो? लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनीं १८१७ सालीं यावर निबंध लिहिला. त्यांच्याच नांवानें डॉक्टर हा रोग ओळखतात. मेंदूच्या खोल भागांतील कांहीं पेशी डोपामिन नांवाचें द्रव्य तयार करितात. त्या पेशी हळूहळू मरतात व द्रव्य कमी पडतें. तेणेंकरून हात कांपतो, अंग ताठतें, पाऊल आंखूड पडतें, आवाज बसतो. पार्किन्सन यांस वाटलें कीं, बुद्धि शाबूत राहते. परंतु पुढें कळून आलें कीं, हा रोग मनासही शिवतो. चेहऱ्याचे स्नायु ताठल्यामुळें अंतःकरणांतील प्रेम तोंडावर दिसत नाहीं. खिन्नता, काळजी व निरुत्साह हीं पुष्कळांस होतात. कधीं तर हात कांपण्याच्या कित्येक वर्षें आधींच होतात. अर्धांगवायूनेंही असेंच घडतें : कित्येक रोगी कारण नसतां रडतात किंवा हसतात, आणि तें त्यांस आवरत नाहीं.

औषधाविषयीं. लेव्होडोपा या औषधानें पुष्कळ आराम पडतो. आपल्या कुंपणांवर चढणाऱ्या खाजकुइलीच्या बियांत हेंच द्रव्य असल्याचें आपल्या देशांतील दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ सालीं दाखविलें. तथापि बिया कुटून आपल्या मतानें घेऊं नयेत. मात्रा डॉक्टरांनींच ठरवावी. औषध वेळेवर द्यावें, व एकाएकीं बंद करूं नये. त्यांत जिवास धोका आहे. या रोगावरील कांहीं औषधांनीं जुगाराची किंवा खर्चाची हांव सुटते, अथवा नसलेलें दिसूं लागतें. तसें झाल्यास रोग्यास पापी म्हणूं नका, डॉक्टरांस कळवा.

शास्त्र काय शिकवितें? आपल्या जिल्ह्यांत सैलानी येथें दुरून दुरून लोक आपल्या रोग्यांस आणितात. त्यांस आपण हसूं नये, कारण आपल्यांतीलही कित्येक ‘भूत काढा’ म्हणून पाळकाकडे येतात. मत्तय ४:२४ नीट वाचा. तेथें भूतग्रस्त निराळे, फेफरेकरी निराळे व पक्षघाती निराळे सांगितले आहेत. कोणी मार्क ९ मधील मुलगा दाखवील. परंतु तेथेंही प्रभूनें मुलास दोष दिला नाहीं; हें केव्हांपासून होतें, असें त्यानें बापास विचारिलें. आपणही आधीं विचारावें. एलिया झुडपाखालीं मरण मागत बसला, तेव्हां देवानें त्यास आधीं झोंप व भाकर दिली. प्रश्न मागाहून विचारिला.

मंडळीनें काय करावें?

१. रोग्याच्या चेहऱ्यावरून त्याचें अंतःकरण ठरवूं नये. उत्तर देण्यास त्यास वेळ द्यावा.

२. प्रभुभोजनाचा प्याला अर्धाच भरावा, व सेवकानें हात द्यावा. येववत नसल्यास घरीं न्यावें.

३. सेवा करणाऱ्या पत्नीस किंवा सुनेस आठवड्यांतून एक दिवस विसांवा द्यावा. रोगानें क्रोध येतो हें खरें, परंतु तिनें मार खात राहावें असा त्याचा अर्थ नाहीं. तिनें पाळकांस व डॉक्टरांस सांगावें.

४. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत कंपवाताचा समावेश आहे. दाखल्यासाठीं रोग्यास बुलढाण्याच्या जिल्हा रुग्णालयांत न्यावें.

पुढच्या प्रभुभोजनास ते वडील आले. मीं प्याला अर्धा भरिला आणि त्यांच्या हाताखालीं आपला हात धरिला. चेहरा हालला नाहीं; डोळ्यांतून मात्र पाणी आलें. त्या दिवशीं मीं त्यांची क्षमा मागितली.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या मंडळींत येईनासें झालेलें कोण आहे? कारण कोणी विचारिलें काय?

२. एलियास देवानें प्रथम काय दिलें, व कां?

३. आपण कोणाच्या रोगास पाप म्हटलें आहे काय? त्याच्याकडे या आठवड्यांत कोण जाईल?