एलिमेंटरी-इंटरमिजिएट: पैसे नेमके कशाचे मोजाल?

पालघर जिल्ह्यातल्या नवापूर, आलेवाडी, नांदगावकडून मुलाला चित्रकलेच्या क्लासला बोईसरला पाठवायचं, तर सांगितलेली फी हा खर्चाचा एक भाग झाला. रिक्षाभाडं वेगळं, क्लासच्या शिक्क्याचं रंगांचं किट वेगळं, मध्येच एखाद्या स्पर्धेचं शुल्क, त्यात मेडल. नाव घालण्याआधी एकच गोष्ट विचारा: माझ्या मुलाचं चित्र कोण तपासणार, आणि किती वेळ?

आधी परीक्षेचं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा राज्याचं कला संचालनालय घेतं. सप्टेंबरच्या शेवटी किंवा त्याच्या आसपास होतात. प्रत्येक परीक्षेचे चार पेपर, दोन दिवसांत: वस्तुचित्र (इंटरमिजिएटला स्थिरचित्र), स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात ते इंटरमिजिएटच्या श्रेणीवर: अ श्रेणीला 7, ब श्रेणीला 5, क श्रेणीला 3. म्हणून सातवी-आठवीत एलिमेंटरी आणि नववीपर्यंत इंटरमिजिएट उरकून टाका. दहावीच्या वर्षात हे ओझं नको.

फॉर्म शाळेमार्फत भरला जातो. जूनमध्ये शाळा उघडली की कलाशिक्षकांना तारीख विचारून ठेवा. शाळेत कलाशिक्षकच नसतील तर ज्या हायस्कूलमध्ये परीक्षा केंद्र असतं तिथे जाऊन चौकशी करा. नाव आणि जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरप्रमाणेच लिहा. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये फरक राहिला की दहावीच्या वेळी हेलपाटे. फी त्या वर्षीच्या परिपत्रकात छापलेली असते. परिपत्रक पाहायला मागा, तेवढीच भरा, पावती घ्या. ‘फॉर्मचे’ म्हणून कुणी जास्त मागत असेल तर वरचे पैसे कशाचे, हे लिहून मागा. खासगी संस्थांच्या चित्रकला परीक्षाही असतात. प्रमाणपत्र रंगीत मिळतं, पण दहावीच्या गुणांसाठी ते चालत नाही.

साहित्याला सुमारे 500 ते 700 रुपये पुरतात. एचबी, 2बी, 4बी, 6बी अशा चार पेन्सिली सुट्या घ्या, पन्नासच्या आत येतात. चोवीस पेन्सिलींचा डबा नको. बारा पोस्टर रंगांचा एक संच, गोल ब्रश तीन-चार, एक चपटा. पांढरा रंग सगळ्यात आधी संपतो, त्याची एक बाटली जादा ठेवा. कॅम्लिनचा कारखाना तारापूर एमआयडीसीतच असला तरी रंग इथे स्वस्त मिळत नाहीत. दोन दुकानांत भाव विचारा. बोर्ड सुताराकडून हार्डबोर्डचा कापून घेतला तर तयार बोर्डापेक्षा कमी पडतो. कार्ट्रिज कागद पूर्ण आकाराचा घेऊन चार तुकडे करा, म्हणजे 11 बाय 15 इंचांचा क्वार्टर मिळतो. रंगकामाला हा, आणि नुसत्या रेषेच्या सरावाला एका बाजूने छापलेले ऑफिसचे पाठकोरे कागद. ते तर फुकटच.

आता क्लास. समजा फी महिना 800, आठवड्यातून दोन तास, वर्गात वीस मुलं. महिन्याला आठ तास म्हणजे 480 मिनिटं. सर एक क्षणही बसले नाहीत असं धरलं तरी तुमच्या मुलाच्या वाट्याला 24 मिनिटं. तुम्ही 800 रुपये मोजता ते या 24 मिनिटांचे. त्यात ‘छान, पुढचं काढ’ एवढंच ऐकू येत असेल तर क्लास महाग आहे. दहाच मुलं असलेला हजाराचा क्लास याच हिशेबाने स्वस्त ठरतो.

एका प्रकारापासून सावध राहा. मुलाच्या चित्रावर सरांचा हात फिरतो, चित्र उजळतं, घरी भिंतीवर लागतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये तोच मुलगा कोऱ्या कागदाकडे बघत बसतो. सरांना नम्रपणे सांगा, दुरुस्ती समासात करा किंवा चित्रावर बटर पेपर ठेवून त्यावर करा. मुलाची मूळ रेषा खाली तशीच राहिली पाहिजे, म्हणजे कुठे घसरली ते दिसतं.

उपयोगाचा शेरा कसा असतो ते तांब्यावर पाहा. जमिनीवर तांब्या ठेवून मुलं काठ लंबगोल काढतात आणि तळाला सरळ रेघ मारतात. तांब्या लगेच तरंगायला लागतो. ‘तळ चुकला’ एवढं सांगून भागत नाही. ‘तळ तुझ्या डोळ्यांपासून काठापेक्षा जास्त खाली आहे, म्हणून त्याची वळणरेषा काठापेक्षा जास्त गोलाकार हवी’ असं सांगितलं की मुलगा पुढच्या वेळी घागरही बरोबर काढतो. मग मधोमध उभी अक्षरेषा घालून डावी-उजवी बाजू मोजायची. तोच तांब्या दुसऱ्या दिवशी पुन्हा काढायचा. शेरा ऐकून लगेच नवा विषय घेतला तर शेरा वाया गेला.

फुकटात हे होतं का? बरंच होतं. शाळेच्या कलाशिक्षकांकडे आठवड्याला एकच चित्र न्या, मागे तारीख घाला, आणि ‘कसं झालंय?’ असं मोघम विचारू नका. ‘सावली कुठे चुकली?’ असं विचारा, नेमकं उत्तर मिळतं. फोनवर पाठवायचं असेल तर दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, बरोबर वरून फोटो काढा. तिरक्या फोटोत लंबगोल बिघडतो आणि नसलेली चूक दिसते. सोबत वस्तूचाही फोटो द्या, मूल जिथे बसलं होतं त्याच उंचीवरून. मोबाइलवरचं चित्र छापून गिरवलेलं असेल तर दाखवायला नेऊच नका. गिरवलेल्या रेषेतून मुलाचा हात कळत नाही, मग शिक्षक सुधारणार काय?

स्मरणचित्राला क्लास सगळ्यात कमी लागतो. नवापूरच्या किनाऱ्यावर अर्धा तास उभे राहा: होडी ओढणारी माणसं, वलांडीवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायका, पाटी डोक्यावर घेतलेली कोळीण. तिथे काढायचं नाही, नुसतं बघायचं. घरी येऊन वीस मिनिटांत काढायचं आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जाऊन स्वतःच ताडून बघायचं. वाकलेल्या माणसाची कंबर कुठे आली, वजन कोणत्या पायावर होतं, हे तिथेच कळतं. भूमितीला जुन्या प्रश्नपत्रिका आणि चांगला कंपास पुरे. तिथे माप बरोबर आलं की गुण पक्के, म्हणून हा पेपर शेवटावर टाकू नका.

इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र मिळालं की दोन झेरॉक्स काढा. दहावीत शाळेने मागण्याची वाट पाहू नका, आपणहून एक प्रत द्या आणि दिल्याची सही घ्या. वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळाच मंडळाकडे पाठवते. पालघर जिल्ह्यासाठी ते मुंबई विभागीय मंडळ. मुदत गेली तर गुणही गेले. बारावीनंतर बीएफए करायचं मनात असेल तर सरावाची चित्रं रद्दीत घालू नका. त्या प्रवेशाच्या राज्य सीईटीलाही वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्रच काढायचं असतं, सोबत सामान्यज्ञानाचा एक पेपर.