लाल चिखल

वर्धा जिल्ह्यातील रोहणा गावाच्या बाजूला चुलीवर जो हलका, पांढुरका गंज चढतो, त्याला जुन्या बायका ‘जर्मनचा गंज’ म्हणतात. वस्तुतः तो ॲल्युमिनियमचा असतो. हा धातू बॉक्साइट नावाच्या दगडातून काढतात. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या डोंगरांत बॉक्साइट सापडते; बेळगाव येथे ते शुद्ध करण्याचा कारखाना आहे.

बॉक्साइटची पूड कॉस्टिक सोड्याच्या कढत द्रावणात शिजविली म्हणजे तिच्यातील ॲल्युमिना विरघळते. न विरघळलेला तांबडा गाळ मागे राहतो. एक टन ॲल्युमिना काढावी, तर एक ते दीड टन गाळ उरतो! तो दिसतो कुंभाराच्या मातीसारखा. परंतु त्यात सोडा मुरलेला असल्यामुळे तो कातडी भाजून काढतो. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरी देशात अय्का येथे अशा गाळाच्या तलावाचा बांध फुटला. लाल लोंढा खेड्यांत शिरून दहा माणसे दगावली आणि मार्त्साल नदीतील जीवसृष्टी नष्ट झाली.

या गाळाचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा असतो, आणि हे ऑक्साइड उत्प्रेरकाचे काम करते. लग्न जुळविणारा मध्यस्थ दोन घरांची गाठ घालून देतो. स्वतः बोहल्यावर चढत नाही. उत्प्रेरकही तसाच. तो दोन पदार्थांमधील रासायनिक क्रिया त्वरेने घडवून आणतो, परंतु स्वतः खर्ची पडत नाही. जर्मनीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दगडी कोळशापासून तेल बनविताना हाच गाळ उत्प्रेरक म्हणून वापरला गेला. गंजाला ‘जर्मनचा’ म्हणणाऱ्यांना याची कल्पना कोठून असणार?

मात्र गाळ जसाच्या तसा चालत नाही. त्यातील सोडा उत्प्रेरकाला मारक ठरतो. म्हणून गाळ आम्लात विरघळवितात, त्यात अमोनिया घालून लोखंड व ॲल्युमिनियम यांचा साका पुन्हा खाली बसवितात, तो धुऊन वाळवितात आणि भट्टीत तापवितात. मग त्याच्या कणाकणाला सूक्ष्म छिद्रे पडतात. त्या छिद्रांच्या भिंतींवर वायू टेकतात आणि तेथेच क्रिया घडते. धुरातील विषारी कार्बन मोनॉक्साइड जाळण्यास असा उत्प्रेरक उपयोगी पडतो.

उत्प्रेरकाला गाळ लागतो थोडा, आणि साचलेले ढीग तर डोंगराएवढे. सिमेंटचे कारखाने त्यातील काही भाग घेतात. उरलेल्याचा उपयोग नागपूरजवळ वाडी येथील जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्रातही शोधला जात आहे.