सिद्धार्थ आणि मिलिंद : दोन महाविद्यालये व त्यांची नावे



धम्मवर्गात नेहमी विचारला जाणारा एक प्रश्न आहे. परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे घेतली. मग तत्पूर्वीची वर्षे ते धम्माचे काय काम करीत होते? ग्रंथ वाचीत होते, लिहीत होते हे खरे. परंतु याचे आणखी एक उत्तर चुना-विटांत उभे आहे, आणि ते नवदीक्षित कुटुंबांनी मुलाबाळांना अवश्य सांगावे असे आहे. दीक्षेच्या दहा वर्षे आधी बाबासाहेबांनी मुंबईत महाविद्यालय काढले आणि त्याला नाव दिले सिद्धार्थ.

ही गोष्ट एकाएकी घडली नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना 1924 ची. सभेने लगेच 1925 साली सोलापूरला विद्यार्थ्यांचे वसतिगृह सुरू केले. मुलाला शाळा असून राहायला जागा नाही, जागा असून जेवण नाही, अशी तेव्हाची स्थिती होती. म्हणून आरंभ वसतिगृहापासून झाला. पुढे बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. अस्पृश्य वर्गातील विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकनंतरच्या शिक्षणाची भारत सरकारची शिष्यवृत्ती 1944 पासून सुरू झाली ती याच काळात. प्राथमिक शाळा सरकारने काढाव्यात, पण आपल्या समाजातून वरच्या शिक्षणापर्यंत गेलेली माणसे निघाली पाहिजेत, कारण मोक्याच्या जागा त्यांच्याच हाती जातात, असा त्यांचा आग्रह होता. 8 जुलै 1945 रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना झाली आणि 20 जून 1946 रोजी सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले.

सुरुवातीला त्याला इमारत नव्हती. मरीन लाइन्सच्या बाजूला युद्धकाळातील लष्करी बराकी होत्या, त्यांतच वर्ग भरू लागले. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तेथे सकाळचे वर्ग ठेवले होते. सकाळी वर्ग करायचा आणि मग कचेरी गाठायची. भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतून कितीतरी माणसे पोटासाठी मुंबईला गेली. चाळीच्या एका खोलीत दहा-बारा जणांनी राहायचे आणि पगारातून गावाला मनीऑर्डर करायची, अशा माणसाला दिवसाचे कॉलेज काय कामाचे? वेळेची ही सोय साधी वाटते, पण ज्या संस्था गरिबांसाठी म्हणून निघतात त्यांनाही ती पुष्कळदा सुचत नाही. पुढे 1953 साली सिद्धार्थ वाणिज्य महाविद्यालय आणि 1956 साली विधी महाविद्यालय निघाले. बाबासाहेबांनी आयुष्यभर जमविलेल्या ग्रंथांचा मोठा साठा सिद्धार्थच्या ग्रंथालयाला मिळाला.

दुसरे महाविद्यालय औरंगाबादचे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचे. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पदवीपर्यंत शिकायचे तर हैदराबादची वाट धरावी लागे, आणि ती वाट दलित मुलासाठी किती लांब होती हे सांगायला नको. त्या भागात जून 1950 मध्ये सोसायटीने महाविद्यालय सुरू केले. इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 1 सप्टेंबर 1951 रोजी बसविण्यात आली. या महाविद्यालयाला पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि सगळा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला.

आता ही नावे पाहा. सिद्धार्थ हे नाव सर्वांना कळते. राजवाडा सोडून सत्याच्या शोधाला निघालेला तरुण तो सिद्धार्थ. बुद्ध तो नंतर झाला. शिकणाऱ्या तरुणांच्या संस्थेला बुद्धाचे नव्हे, शोधणाऱ्या सिद्धार्थाचे नाव आहे, हे मला फार योग्य वाटते.

मिलिंद कोण, हे मात्र पुष्कळ घरांत ठाऊक नसते. मिलिंद म्हणजे ग्रीक राजा मिनँडर. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात त्याचे राज्य होते. राजधानी सागल, म्हणजे आजचे सियालकोट असे मानतात. हा राजा मोठा विद्वान व वादपटू. आपल्याशी वाद घालील असा कोणी उरलाच नाही, असा त्याला अभिमान झाला होता. तेव्हा भिक्खू नागसेन त्याच्यासमोर आले. त्या दोघांच्या प्रश्नोत्तरांचा पाली ग्रंथ म्हणजे मिलिंदपञ्ह.

त्यातील एक प्रसंग प्रत्येक विद्यार्थ्याला सांगावा. चर्चा सुरू होण्यापूर्वी नागसेन राजाला अट घालतात, की पंडितांसारखी चर्चा करणार असशील तर करीन, राजांसारखी करणार असशील तर नाही. दोहोंत फरक काय? पंडितांच्या वादात एकाचे म्हणणे खोडले जाते, चूक दाखविली जाते, तो ती मान्य करतो आणि रागावत नाही. राजा एक मत मांडतो आणि जो ते मानणार नाही त्याला दंड करतो. मिलिंदाने पहिली रीत पत्करली. या देशात ज्यांना शतकानुशतके प्रश्न विचारण्याबद्दलच दंड झाला, त्यांच्या मुलांच्या महाविद्यालयाला हे नाव आहे.

मग रथाचा दृष्टान्त येतो. राजा रथातून आला होता. नागसेन विचारतात, आस म्हणजे रथ काय? चाके म्हणजे रथ काय? जू, दांडी, लगाम? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ कोठे आहे? हे सगळे भाग एकत्र जोडले गेले म्हणजे त्याला रथ हे नाव पडते, एवढेच. तसेच माणसाचे, आत कायमचा आत्मा असा नाही. अनात्म्याची शिकवण इतकी सोपी करून सांगितलेली दुसरीकडे क्वचितच सापडेल. घरी समजावताना रथाऐवजी बैलगाडी घ्यावी, मुलांना लवकर कळते. आणि राजा हरल्यावर काय करतो? पटले म्हणून मान्य करतो, आणि ग्रंथ सांगतो त्याप्रमाणे अखेर धम्माला शरण जातो. राज्य असूनही त्याला हे कमीपणाचे वाटले नाही.

नागसेनवनात या नावाला साजेसे काम झाले. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी युगयात्रा हे नाटक लिहिले. म. ना. वानखेडे आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखे प्राध्यापक येथे होते. 1960 च्या दशकाच्या अखेरीस अस्मितादर्श नियतकालिक निघाले आणि दलित साहित्याची चळवळ या परिसरातून जोमाने वाढली. खेड्यातून पत्र्याची पेटी घेऊन आलेली मुले येथे लिहिती झाली.

परंतु याच काळातील एक कटू गोष्ट नवदीक्षितांना सांगितली पाहिजे. 1950 च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती धर्माशी जोडलेल्या होत्या. 1956 नंतर ज्यांनी प्रामाणिकपणे बौद्ध असे लिहिले, त्यांच्या मुलांच्या सवलती धोक्यात आल्या. महाराष्ट्र राज्याने 1960 साली नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश होण्यास 1990 साल उजाडले. म्हणजे चौतीस वर्षे! त्या काळात अनेक बापांनी शाळेच्या दाखल्यावर जुना धर्म तसाच राहू दिला आणि घरात त्रिसरण पंचशील घेतले. त्यांना भित्रे म्हणण्याचा अधिकार मी तरी कोणाला देणार नाही. मुलाची फी आणि बापाची दीक्षा यांत निवड करायला लावणारा कायदा होता, दोष त्याचा.

आज ती अडचण राहिलेली नाही. बौद्ध असे लिहिल्याने अनुसूचित जातीची सवलत जात नाही. मात्र मूळ जात कागदाने सिद्ध करावी लागते. उत्रोलीच्या मुलामुलींना आता वरच्या शिक्षणासाठी मुंबईची चाळ गाठावी लागत नाही. शेजारीच भोरला अनंतराव थोपटे महाविद्यालय आहे. पुण्याला जाऊन शिकायचे आणि शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 2016-17 पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अर्ज करणे आपल्या हाती आहे.

अडते ते कागदावर. जात पडताळणीसाठी 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा पुरावा मागतात. तेव्हा आजोबांच्या, चुलत आजोबांच्या शाळेतील जनरल रजिस्टरचा उतारा बारावीचे वर्ष येण्याआधीच काढून ठेवावा. आजी-आजोबा हयात असतील तर ते कोणत्या गावच्या शाळेत गेले होते, हे त्यांना येत्या पौर्णिमेला विचारून वहीत लिहून घ्यावे. कुटुंबात पूर्वी कोणीच शाळेत गेले नसेल तर गावदप्तरातील जुन्या नोंदी तलाठ्याकडे व तहसील कचेरीत पाहाव्यात, आणि त्या कामाला एकट्याने न जाता विहारातील शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला बरोबर न्यावे.

जय भीम! नमो बुद्धाय!