गुरांची साथ व गावातील कंड्या

साथीच्या रोगाबरोबर अफवा येतेच. पुष्कळदा ती रोगाच्या आधीच गावात पोहोचते. रोगावर इलाज गुरांचे डॉक्टर करितात, परंतु अफवेवरील इलाज गावातील जाणत्या शेतकऱ्यांनीच करावयाचा असतो. तो कसा करावा, याचा विचार या लेखात योजिला आहे.

सन २०२२ च्या ऑगस्ट महिन्यात जळगाव जिल्ह्यात लंपी चर्मरोग आढळला व थोड्याच काळात तो राज्यभर पसरला. मावळात भातलावणी आटोपली होती. आमच्या बेडसे गावी रोगाचे एकही जनावर दिसण्यापूर्वी तीन वार्ता मात्र घरोघर झाल्या. पहिली, रोगी गाईचे दूध प्याल्याने माणसांस रोग जडतो. दुसरी, ही लस शेळ्यांची असल्याने गाईबैलांस अपायकारक आहे. तिसरी, लस टोचल्यानेच गुरांच्या अंगावर गाठी उठतात.

प्रस्तुत लेखकाचा जन्म महसूल खात्याच्या कारकुनीत गेला. ऐकीव माहितीवर त्याने दप्तरात कधी नोंद धरिली नाही. तथापि तिसरी वार्ता ऐकून त्यानेच आपल्या बैलाची टोचणी दहा दिवस लांबविली. पुढे बैलास रोग झाला व तो दगावला. वेळीच टोचला असता तर तो खास वाचला असता, असे म्हणवत नाही. पण वाचण्याची संधी त्यास दिली नाही, ही चूक माझी.

आता या वार्ता एकेक तपासू. हा रोग माणसांस होत नाही. त्याचा प्रसार मुख्यतः चावणाऱ्या माशा, डास व गोचीड यांच्यामुळे गुरांगुरांत होतो. दूध नेहमीप्रमाणे उकळून प्यावे; त्यात भय नाही. पहिल्या वार्तेने रोग तर थांबत नाहीच, उलट दूध घालणाऱ्या शेतकऱ्याचा धंदा मात्र बुडतो.

दुसऱ्या वार्तेत अर्धे सत्य आहे. त्या वर्षी टोचलेली लस शेळ्यांच्या देवीवरील होती, हे खरे. पण शेळ्यांच्या देवीचा व लंपीचा विषाणू एकाच कुळातले असल्याने एकावरील लस दुसऱ्यापासूनही संरक्षण देते. हे कारण कोणी समजावून सांगितले नाही, म्हणून अर्ध्या सत्याची कंडी पिकली.

तिसरी वार्ता सर्वांत घातक, कारण ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी वाटते. लस टोचल्यावर अंगात पुरती प्रतिकारशक्ती येण्यास सुमारे तीन आठवडे लागतात. ज्या जनावराच्या अंगात रोग आधीच शिरला आहे, ते या अवधीत आजारी पडू शकते. ते ‘टोचल्यानंतर’ आजारी पडले. लोक म्हणतात ‘टोचल्यामुळे’. या दोन शब्दांतील अंतर ओळखणे हाच या पाठाचा गाभा होय.

याचा जुना दाखला माणसांच्या प्लेगचा आहे. हाफकिन यांनी प्लेगची लस मुंबईत तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःस टोचून घेतली. पुढे १९०२ साली तेव्हाच्या पंजाबातील मुलकोवाल गावी लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने मेली. ती सर्व एकाच बाटलीतील लस टोचलेली होती. दोष त्या बाटलीत शिरलेल्या घाणीचा होता. परंतु ठपका हाफकिन यांच्यावर आला व तो दूर होण्यास १९०७ साल उजाडले. म्हणून ‘लशीने मेले’ असे ऐकताच कोणती बाटली, कोणता दिवस, किती टोचले, किती आजारी पडले, हे विचारावे.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

१. वार्ता सांगणाऱ्यास विचारावे : जनावर कोणाचे, गाव कोणते, पाहिले कोणी? उत्तर न मिळाल्यास वार्ता पुढे धाडू नये.

२. प्रत्येक जनावराच्या टोचणीची तारीख, पुढे आलेला ताप व गाठ यांची वहीत नोंद ठेवावी. भांडणापेक्षा वही अधिक पटते.

३. टोचल्या जागी थोडी सूज, एखाद-दोन दिवस ताप व दुधात किंचित घट संभवते, हे आधीच सांगावे. लपविलेली लहान गोष्ट पुढे मोठी अफवा होते.

४. रोगी जनावर वेगळे बांधावे, गोठ्यातील माशा-गोचिडांचा बंदोबस्त करावा आणि गुरांच्या दवाखान्यास किंवा १९६२ या क्रमांकावर त्वरित कळवावे. सन २००९ च्या कायद्यान्वये असे कळविणे हे मालकाचे कर्तव्य आहे.

५. भ्यालेल्या शेजाऱ्यास मूर्ख म्हणू नये. त्याचे जनावर हेच त्याचे भांडवल. त्याचे भय खोटे नसते, केवळ माहिती खोटी असते. त्याच्या गोठ्यात जाऊन, आपली वही दाखवून बोलावे.

माझ्या गोठ्यात उरलेला दुसरा बैल दरवर्षी वेळेवर टोचला जातो. त्याची तारीख वहीत लिहिलेली आहे. ज्यास पाहावयाची असेल त्याने खुशाल यावे.