फाटा बंद झाला तर काय करावे?



तुळिंज नालासोपाऱ्याच्या पूर्वेला आहे. त्याच्या पश्चिमेला रेल्वे आणि पूर्वेला मुंबई-अहमदाबाद महामार्ग. या महामार्गाचा नंबर पूर्वी ८ होता, आता ४८ आहे. तुळिंजहून संतोष भुवन, धानीव बाग ओलांडून पेल्हारच्या बाजूला गेले की हा महामार्ग लागतो. कारखान्यात जाणारा कामगार, भाजी विकणारी बाई, शाळेत जाणारी पोरे, सगळ्यांची गाठ कधी ना कधी या रस्त्याशी पडते. म्हणून महामार्गावरचा एखादा फाटा बदलायची गोष्ट निघाली की घराघरात बोलणे सुरू होते. "आता वळायचे कुठून? पोरांनी ओलांडायचे कसे?" हा प्रश्न रास्त आहे. आज आपण तो समजून घेऊ.

फाटा का बदलतात?

मोठ्या रस्त्याच्या मधोमध एक लांब कट्टा असतो. त्याला दुभाजक म्हणतात. गाड्यांना वळता यावे म्हणून दुभाजकात जागोजागी मोकळी जागा ठेवतात. तिला लोक 'कट' म्हणतात. चार रस्ते मिळतात त्या चौकात गाड्यांच्या वाटा ३२ ठिकाणी एकमेकींना भिडतात. तीन रस्ते मिळतात तिथे ९ ठिकाणी. जितक्या जास्त ठिकाणी वाटा भिडतात, तितका अपघाताचा धोका जास्त. म्हणून कट बंद करतात, किंवा वर पूल बांधतात. म्हणजे असा बदल लोकांना छळायला केलेला नसतो.

मग अडचण कुठे येते?

शेतातला पाट एका ठिकाणी बांध घालून अडवला तर पाणी आटते काय? नाही. ते शेजारच्या शेतात शिरते. वाहतुकीचेही तसेच आहे. कट बंद केला तरी गाड्या नाहीशा होत नाहीत. त्या दुसरीकडून जातात.

समजा, वळायची जागा २ किलोमीटर पुढे गेली. मग रिक्षावाल्याला २ किलोमीटर जाऊन २ किलोमीटर परत यावे लागते. एकूण ४ किलोमीटर झाले. तेवढे पेट्रोल वाचावे म्हणून कुणी उलट्या बाजूने येतो. कुणी वस्तीतल्या अरुंद गल्लीत टेम्पो घालतो. जिथे कालपर्यंत पोरे खेळत होती, तिथे आज भोंगे वाजतात.

सर्वांत जास्त हाल पायी चालणाऱ्याचे. एक हिशेब करून पाहा. सहा पदरी महामार्गाची एक बाजू तीन पदरांची असते. एक पदर साडेतीन मीटर, म्हणजे एक बाजू साडेदहा मीटर झाली. साधारण चालीच्या माणसाला ती ओलांडायला सुमारे ९ सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे २०० मीटर पुढे येते. डोक्यावर ओझे घेतलेल्या म्हातारीला तर आणखी वेळ लागतो. "गाडी लांब आहे, जाऊ पटकन" असे म्हणणे म्हणूनच जिवावर बेतते.

पुण्याचे उदाहरण

पुण्याच्या चांदणी चौकात मुंबई-बंगळूर महामार्ग जातो. तिथे गाड्यांची फार कोंडी व्हायची. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी पाडला. नवे पूल आणि रस्ते बांधून १२ ऑगस्ट २०२३ रोजी त्यांचे उद्घाटन झाले. गाड्यांची सोय झाली. पण पायी चालणाऱ्यांनी ओलांडायचे कुठून, अशी तक्रार लोकांनी केली. यातून आपण एक गोष्ट शिकावी. बदल होण्याच्या आधीच चालणाऱ्यांची बाजू मांडली पाहिजे. पूल झाल्यावर बोलणे महाग पडते.

आपण काय करावे?

१. मोजा. नुसते "फार गाड्या येतात" म्हटले तर कुणी ऐकत नाही. सकाळी ८ ते ९ गल्लीच्या तोंडाशी बसा. गाडी गेली की वहीत एक रेघ मारा. चार रेघांवर पाचवी आडवी मारा. पायी ओलांडणारी माणसे, पोरे वेगळी मोजा. फाटा बदलण्याआधी मोजा आणि बदलल्यावरही मोजा.

२. योग्य कचेरीत अर्ज द्या. हा महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. शहरातले रस्ते वसई-विरार महानगरपालिका पाहते. उलट्या बाजूच्या गाड्या रोखणे हे वाहतूक पोलिसांचे काम.

३. पोच घ्या. अर्जाच्या दोन प्रती करा. एकीवर शिक्का व तारीख घेऊन ती घरी जपून ठेवा. उत्तर आले नाही तर माहिती अधिकाराचा कायदा आहे. तो २००५ सालचा. त्याखाली अर्ज केला की साधारण ३० दिवसांत माहिती द्यावी लागते.

४. आपलेही कर्तव्य पाळा. दुभाजक फोडू नका. उलट्या बाजूने गाडी नेऊ नका. तो गुन्हा आहे, आणि मरणारा बहुधा आपल्याच गावचा असतो. अपघात दिसला तर ११२ किंवा १०८ नंबरला फोन करा. महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३ आहे.

अर्जाचा नमुना

मा. अधिकारी साहेब यांस,
सा. न. वि. वि.
आमच्या वस्तीजवळचा कट बंद होणार असे समजते. सकाळी ८ ते ९ या वेळात येथून ___ माणसे व ___ मुले रस्ता ओलांडतात. तरी कट बंद करण्यापूर्वी पादचारी पूल किंवा भुयारी वाट, सर्व्हिस रोड व दिवे यांची सोय करावी, ही विनंती.
आपले नम्र,
(सह्या)

मोकळ्या जागी आपण मोजलेले आकडे लिहा. सही करता येणाऱ्याने अंगठा उठवू नये. ज्याने अक्षर गिरवले, त्याचे अक्षर अशाच वेळी कामाला आले पाहिजे.

प्रश्न

१. कट बंद केल्यावर गाड्या कुठे जातात?
२. महामार्गाची एक बाजू ओलांडायला किती सेकंद लागतात?
३. आपल्या वाडीजवळच्या रस्त्यावर एक तास बसून मोजा आणि आकडे वहीत लिहा.