दालचिनीचे तेल : वासापुरते ठीक, अंगावर नको

हल्ली वस्तीत आरोग्य सांगायला गेलो की आयाबाया एक छोटी बाटली पुढे करतात. "ताई, हे सर्दीला चालतं का?" बाटलीत असते दालचिनीच्या सालीचे तेल. मागे एका आईने ते थेट लेकराच्या छातीला चोळले. रात्रभर लेकरू रडले, सकाळी छाती पोळल्यासारखी लाल. म्हणून हे लिहीत आहोत.

हे तेल सालीतून वाफेने काढतात. त्यात सर्वांत जास्त असतो सिनॅमाल्डिहाइड. वास त्याचाच आणि आगही त्याचीच. डब्यातल्या दालचिनीच्या तुकड्यापेक्षा हे तेल कितीतरी तीव्र असते. पानांचे तेल वेगळे. त्यात लवंगेतले युजेनॉल जास्त असते. म्हणून बाटलीवर 'साल' आहे की 'पान', ते वाचा.

वापर कसा करावा? अरोमाथेरपीत हे तेल मुख्यतः वासासाठी वापरतात. वाटीभर पाण्यात दोन थेंब टाकून वाटी लेकरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा. दार-खिडकी उघडी हवी. अर्धा तास पुरे. खोली उबदार, प्रसन्न वाटते, एवढाच त्याचा गुण.

मालिशसाठी १०० मिली खोबरेलात एका थेंबापेक्षा जास्त नको. आमचा सल्ला विचाराल, तर अंगाला लावूच नका. एकदा त्वचेला याची ॲलर्जी जडली की पुढे कायम त्रास होऊ शकतो.

लहान मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या बाया, दमेकरी यांनी दूर राहावे. वाफाऱ्याच्या पाण्यात टाकू नये, डोळे व श्वासनलिका झोंबतात. पोटात तर घेऊच नये. प्रयोगशाळेत हे तेल जंतू मारते, हे खरे. पण म्हणून माणसाचा आजार बरा होत नाही. याच्या भरवशावर साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन बंद करू नका.

अंगाला लागून आग झाली तर आधी खाण्याचे तेल लावून कापडाने पुसा, मग साबण-पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले तर स्वच्छ पाण्याने १५ मिनिटे धुवून दवाखाना गाठा. लेकराने प्यायले तर उलटी करवू नका. १०८ ला फोन करा, बाटली सोबत न्या.

कोणी सांगितले म्हणून नव्हे, तपासून मगच वापरा. सर्दी-तापाला सरकारी दवाखाना आहे. तिथे जायला लाजू नका.